उरलेलं क्रीम दुसऱ्या हाताला

"मॅडम, दोन्ही हात सारखेच आले म्हणजे माझं क्रीम काहीच करत नाही, असंच ना?"

डोंबिवली एमआयडीसीतले सुर्वे माझ्या टेबलासमोर उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ब्रँडची क्रीम्स बनवली, हे स्वतःच्या नावाचं पहिलंच. आमचा रिपोर्ट आला तरच डब्यावर ‘चोवीस तास ओलावा’ छापता येणार होतं.

ठाण्याच्या लॅबमध्ये माझं काम हेच. क्रीम लावल्यावर त्वचेतला ओलावा किती वाढतो, किती टिकतो, ते मोजायचं. पेनासारखा प्रोब हातावर टेकवला की मशीन आकडा दाखवतं. व्हॉलंटिअर बायका घरी एका हाताला क्रीम लावतात, दुसरा तसाच ठेवतात. दोन हातांतला फरक म्हणजे क्रीमचं काम. इथे दोन्ही हात लोण्यासारखे!

"हवा दमट असेल," भिडे सर, माझे बॉस, म्हणाले. "दुसऱ्या हाताचे आकडे वगळ आणि रिपोर्ट दे."

"सर, मग तुलना कशाशी करू?"

"बघ तूच काय ते."

हे ‘बघ तूच’ ऐकून ऐकून वीट आलाय मला.

बायकांना परत बोलावलं. टिटवाळ्याच्या शैलाताई पहिल्या आल्या. म्हटलं, घरी लावता तसं लावून दाखवा. त्यांनी डाव्या हाताला क्रीम चोळलं, मग तळवे एकमेकांवर घासून उरलेलं सहज उजव्या हातावर फिरवलं.

"अहो ताई, तो हात कोरडा ठेवायचा होता ना!"

"कोरडाच ठेवला की! हे उरलेलं. मग काय फडक्याला पुसू? एवढं चांगलं क्रीम!"

बाकीच्यांनीही तेच केलेलं. मी कपाळावर हात मारला. बोटाला लागलेलं तूपही वाया न घालवणाऱ्या बायका आम्ही, दुसरं काय करणार?

टेस्ट पहिल्यापासून केली. या वेळी लावून झालं की लगेच बोटं धुवायची, असं प्रत्येकीला बजावलं. चूक क्रीमची नव्हती हे कळल्यावर सुर्वे फोनवर इतके खूश झाले की आकडे यायच्या आधीच ‘चोवीस तास’वाले डबे छापायला टाकले.

आकडे आले. क्रीमचा हात संध्याकाळपर्यंत छान पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हात सारखेच कोरडे.

"मागच्या वेळी बायकांची चूक होती," सुर्वे हळूच म्हणाले. "आता कोणाची?"

"कोणाचीच नाही हो. तुमचं क्रीम संध्याकाळपर्यंतच टिकतं."

त्यांनी छापलेला एक डबा माझ्यासमोर ठेवला. फार वाईट वाटलं मला. तरी चोवीस तासांचा रिपोर्ट मी दिला नाही.

त्या डब्यांवरच्या ‘चोवीस तास’वर आता स्टिकर आहे: ‘रात्री पुन्हा लावा.’ टेस्ट सुधारता येते. त्याने क्रीम सुधारत नाही.