पाण्याखालची घरघर

परवा पिरंगुटच्या पंपावर पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि मुळशी धरणातली ती दुपार आठवली. मामाचं मासे धरायचं जाळं बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकलं होतं, ते सोडवायला मी होडीतून पाण्यात उतरले होते. पाणी गार आणि इतकं हिरवट, की स्वतःचा हातही नीट दिसेना. बुडी मारली तोच मोटारीची घरघर ऐकू आली. ती समोरून येत नव्हती, मागूनही नाही. दोन्ही कानांत एकदमच घुमत होती. घाबरून वर आले तर सगळं शांत. "मामा, बोट येतीये!" मी ओरडले. "कुटं हाय? मला तर काय ऐकू येत न्हाई," मामा म्हणाला. मी पुन्हा डोकं बुडवलं, तर आवाज वाढलेला. कोणत्या बाजूला पळावं तेच कळेना. वर येऊन मी रडतच हात पुढे केला आणि मामानं काही न विचारता मला होडीत ओढलं. तेवढ्यात टेकाडाच्या वळणाआडून रिसॉर्टची बोट उसळत आली आणि मी होते तिथूनच, आमच्या होडीला हेलकावे देत, धूर सोडत निघून गेली. मामा कितीतरी वेळ माझं मनगट घट्ट धरून बसला. "बरं झालं बाय, तू आयकलंस," एवढंच म्हणाला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं धावतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच गाठतो, म्हणून दिशा लागत नाही, हे मला आता माहीत आहे. तरीही पोहताना मी डोकं पाण्याखाली घालत नाही.