वाढली म्हणजे मोडली

जिंतूरला माझं बांगड्यांचं दुकान हाय. नाव बबिता, पण गिऱ्हाईक कासारीणबाई म्हणूनच हाक मारतं. नीलम माझी एकुलती एक. नांदेडला इंजिनिअरिंग शिकली, आन् मग बाईसाहेबांनी डोक्यात घेतलं, पुढचं अमेरिकेत शिकायचं. त्याला म्हणे एक परीक्षा असती. तिच्यात इंग्रजीचे असले अवघड शब्द विचारतात की खुद्द इंग्रजसुद्धा ते बोलत नसतील. शब्द आले तर पोरगी जाणार, न्हाई आले तर माझ्यापाशी ऱ्हाणार. आता तुमीच सांगा, मी देवाला काय मागावं? सकाळी दिवा लावताना म्हणायची, हिला समदं येऊ दे. दुपारी भाकरी खाताना म्हणायची, चुकू दे की रे बाबा चार-दोन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

ती दुकानातच बसून पाठ करायची. ध्यानात ऱ्हावा म्हणून दर शब्द कुणाला तरी चिकटवायची. एकदा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आई, तू गॅर्युलस हायस."

मी ताडकन उठले. वाटलं, शुगरसारखं काही निघालं. दवाखान्यात जाऊ म्हणलं तर ही हसून लोळायली. म्हणे, गॅर्युलस म्हणजे लय बडबडी.

"मग बडबडी म्हण की, भवाने!"

पण खरं डोकं फिरलं ते क्लीव्हनं. चांगुणाबाईच्या हातात मी बांगड्या भरायले, आन् ही म्हणती, "आई, क्लीव्ह म्हणजे तोडणं. आन् क्लीव्ह म्हणजेच घट्ट चिकटून ऱ्हाणं."

"दोन्ही कसं असंल? खरा अर्थ कोणता?"

"दोन्ही खरे. शब्द कुठं आलाय ते बघून ठरवायचं."

"तुझे इंग्रज खुळे हायेत."

"आन् तू गं? बांगडी फुटली की वाढली म्हणतीस. वाढली म्हणजे मोडली?"

"फुटली म्हणू न्हाई, अशुभ असतं. ते येगळं."

"कसं येगळं?"

चांगुणाबाईनं हिरव्या मागितल्या होत्या, पण ह्या वादाच्या नादात मी लाल भरल्या.

पुढं परीक्षा झाली. नीलम पास, तीबी चांगल्या मार्कांनी. मी गल्लीभर पेढे वाटले आन् मोरीत जाऊन रडले. आनंदानं रडले का कशानं, आजून कळंना.

तिकडच्या कॉलेजात नाव लागलं, आन् जायच्या दिवशी मी तिचे हात भरायला घेतले. आख्ख्या गावाचे हात भरलेत मी, पण लेकीच्या मऊ हातावर बांगडी तडकली. मी काही बोलायच्या आत तीच घाईनं म्हणाली, "वाढली, आई. वाढली."

स्टँडवर परभणीची गाडी लागली; तिथून रेल्वेनं मुंबई, आन् मग इमान. पायरीवर चढताना नीलम म्हणाली, "येते, आई."

निघताना जाते म्हणू न्हाई, हे मीच तिला शिकवलेलं. जन्मभर ऐकलेला शब्द, पण त्या दिवशी मला त्याचा अर्थच लागंना. मी खिडकीपाशी धावले आन् लोकांसमोर ओरडले, "नीलम, कोणता अर्थ घेऊ गं?"

एवढे शब्द पाठ केलेली माझी पोरगी, खिडकीच्या गजातून माझं मनगट घट्ट धरून बसली, आन् गाडी सुटली.