नारळ फुटेपर्यंतचा विद्यार्थी

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आज शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष निवडला. चार वर्गांना एकच गुरुजी आहेत. दुसरा शिक्षक मिळावा म्हणून बीडला जाऊन भांडणारा अध्यक्ष हवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

नियमानं अध्यक्षाचं लेकरू त्याच शाळेत असावं लागतं. अध्यक्षपदाला उभा होता गावच्या पुढाऱ्याचा पुतण्या, अन् त्याचं पोरगं शिकतं गेवराईच्या इंग्रजी शाळेत. पण आज ते कोरा गणवेश घालून माझ्या पोरीशेजारी सतरंजीवर बसलेलं. कालच नाव घातलं म्हणे!

मी उठून विचारलं, "ह्ये लेकरू उद्या येणार हाय का?"

शेजारच्या किसननं माझा सदरा ओढला. "बस की बे खाली. कावून उगं वैर घ्यायलास?"

हात वर झाले, हार पडला, नारळ फुटला. लगेच नवे अध्यक्ष पोराला गाडीवर बसवून गेवराईला सोडायला निघाले.

मी गुरुजींना म्हणालो, "तुमी तरी बोलायचं."

ते म्हणाले, "काय बोलू? पोरं कमी म्हणून शाळा बंद व्हायची पाळी आलीय. पटावर एक नाव तरी वाढलं."

मी पोरीला गाडीवर घेतलं अन् निघालो.

घरी येताना पोरगी गाडीवर मागून विचारते, "अप्पा, त्याच्यावानी मला कवा नेणार तिकडच्या शाळेत?"

तुम्हीच सांगा, काय सांगू तिला? नेलं, तर पटावरचं आणखी एक नाव जातं. आणि तिचं नाव तर खरं आहे.