दत्ता पीत नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलं नाही — तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. तुम्ही वाचा, मनात काय यायचं ते येऊ द्या. फक्त मला भला माणूस म्हणू नका.

सारोळ्याच्या पुलाजवळ एक माणूस बसलेला असतो. चालताना झोकांड्या खातो, बोलताना जीभ अडखळते. लोक त्याला बेवडा म्हणतात. तो दत्ता — मी भोरमध्ये घडवलेला सगळ्यात चांगला बॉक्सर. घडवलेला? हा शब्दही मला शोभत नाही.

मी फौजेत बॉक्सिंग केलं, निवृत्तीनंतर भोरला शिकवू लागलो. मग व्यावसायिक लढतींचं खूळ आलं. हॉटेलच्या हॉलमध्ये रिंग, भोवती जेवणारे लोक, मध्ये आमचे गडी मार खाणार. लढत भरवणारा पैसे बुडवून दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही. त्या धंद्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या — पण त्याला माणसं कोण पुरवत होतं?

एका लढतीत दत्ता बेशुद्ध पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन बजावलं, सहा महिने डोक्याला मार नको. परतीच्या टेम्पोत त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मी लावून दिली. आणि महिन्याच्या आत त्याला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावानं रिंगमध्ये उतरवलं. माझं नाव व्हावं म्हणून — दुसरं कारण नव्हतं. तो नको म्हणाला नाही. मास्तर सांगतात म्हटल्यावर कसा म्हणेल?

पुढं हात थरथरायला लागले, खेळ सुटला. किकवीच्या गोदामावरची रखवालदारीही गेली. तो का लडखडतो, हे गावात मला एकट्याला माहीत होतं. कुणी विचारलं की मी नुसता अंगठा तोंडाकडे न्यायचो. बोलायचीही गरज नव्हती.

एवढंच असतं तर — नाही, तेवढंही कमी नव्हतं.

त्याची बायको सुमन, वेल्ह्याची. एक दिवस दारात आली. म्हणाली, "मास्तर, म्या रोज त्यांचं तोंड हुंगते. वास न्हाई येत. तुमी खरं सांगा, पितात का?"

डोक्याच्या माराचं खरं सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं — मग त्यांना उतरवलं कुणी? मी म्हणालो, "आता वास न येणारीबी मिळते, पोरी."

 "मग मीच येडी," एवढंच ती बोलली. त्याच आठवड्यात लेकीला घेऊन माहेरी गेली, ती आली नाही.

मागच्या महिन्यात पुलाजवळ दत्तानं मला हाक मारली. पाया पडायला वाकला, तोल गेला, मीच सावरलं. म्हणाला, "मास्तर, सुमनला कुणी तरी सांगितलंय, म्या पितो म्हणून. तुमी जाऊन बोला की. तुमचं ऐकंल ती."

मी बरं म्हणालो. एसटीनं भोरला उतरलो. वेल्ह्याची गाडी समोरच लागली होती. मी घरी गेलो.