आखडलेली मान

कात्री उचलण्याआधी अण्णा मुलासमोर उभे राहून आपले दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचे. "बघ, हातात काय न्हाय. अंजबेड." तुम्हीही पाहिलं असेल, खुर्चीवर फळी टाकून बसवलं की पोरं केवढा आकांत करतात. पण कानडीतलं हे 'भिऊ नको' ऐकून रडणारं पोर जरा थांबायचं.

सात रस्ता चौकामागच्या बोळात अण्णांचं दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं. मोठी माणसं ताटकळायची, पण लहान मुलाचं डोकं त्यांनी कधी घाईत उरकलं नाही.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीला चावली म्हणून शाळेतून तक्रार आली. मी घरी दोन रट्टे दिले आणि बजावलं, कुणावर हात उगारायचा नाही. हे मी हात उगारूनच शिकवत होतो, पण तेवढी अक्कल तेव्हा कुठली?

त्या रविवारी तिचा बॉबकट करायला गेलो. अण्णांनी कंगवा वर नेला आणि पोरीने डोळे मिटून मान खांद्यांत ओढून घेतली. ते थांबले. कसेबसे केस कापून झाल्यावर तिला गोळी देऊन बाहेर बाकावर बसवलं आणि घरी कोण मारतं, ते मला हळूच विचारलं. मी म्हणालो, शिस्त लावतोय, शाळेत फार मारकुटी झालीय.

"कुणाचं बघून?" खुर्ची पुसता पुसता ते म्हणाले, "मीबी माझ्या थोरल्याला लई मारलं की. आता त्याला पोरं झाली, पण दाढीला अजून माझ्याकडं बसत न्हाय."

मला राग आला. पोर माझी, यांना काय करायचंय? पुढच्या वेळी तिला दुसऱ्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने तिचं डोकं दाबून धरलं, तिने त्याला बोचकारलं आणि माझा हात वर गेला. समोरच्या आरशात तो हात दिसला, आणि त्याच्याखाली आखडलेली तिची मान. मला स्वतःची लाज वाटली.

पुन्हा अण्णांकडे जाऊ लागलो. हात आवरायला वर्ष लागलं. मध्ये दोनदा चुकलो, तेही त्यांना सांगून टाकलं. ते नुसते "हं" म्हणाले. शाळेतल्या तक्रारी कमी होत गेल्या. एकदम थांबल्या, असं खोटं सांगणार नाही.

अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांनी तिचे केस शेवटचे कापले, त्या दुपारी पंख्याखाली तिचा डोळा लागला आणि डोकं अण्णांच्या पोटावर टेकलं. मी उठवायला पुढे झालो, तर त्यांनी खुणेनेच मला बसवलं. बाकावरची गिऱ्हाइकं घड्याळ बघत होती, आणि पोट हलू नये म्हणून अण्णा श्वासही बेताने घेत होते.