काळ्या कोटाची घाई

नागपुरात वकील पुष्कळ आहेत, पण वकील होण्याची माझ्या रूममेटइतकी घाई आजवर कुणालाच झाली नसेल. सावनेरहून ती लॉ कॉलेजात आली आणि पहिल्याच महिन्यात तिने काळा कोट शिवून आणला. सनद मिळायला अजून पाच वर्षं होती. तरी नंदनवनातल्या आमच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, कूलर बंद पडलेला असतानाही ती कोट चढवून अभ्यासाला बसायची. "काहून उकडून घेऊन राहिली वं?" मी विचारलं, तर म्हणाली, "अंगाले आतापासून सवय पाहिजे नं!"

उलटतपासणीच्या सरावाला तिला कुणीही चालायचं. घरमालकीण काकू एकदा सहज म्हणाल्या, "आज नळ आले नाहीत." हिने लगेच वही उघडली. "काकू, हे तुमी सोता पाह्यलं का? हो का नाही, इतकंच सांगा." काकूंनी कपाळावर हात मारला. "माय वं! ही पोरगी भाड्यानं राहून राहिली का मले फाशी देऊन राहिली?" कोपऱ्यावरचा पोहेवाला दुसऱ्यांदा तर्रीचा झणझणीत रस्सा द्यायला कुरकुरला, तेव्हा पाटीवर 'तर्री-पोहे' लिहिलंय म्हणजे शेवटच्या घासापर्यंत तर्री हा कराराचाच भाग आहे, असा युक्तिवाद हिने भर गर्दीत केला. त्याने हात जोडून दोन पळ्या ओतल्या. सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी ती पाण्याला 'महोदय' म्हणत भाषणं ठोकायची. फिरायला येणारे एक आजोबा जाताना रोज विचारत, "पुढची तारीख कोणती?"

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी मूट कोर्टच्या स्पर्धेत नाव दिलं. खटला खोटा, पण न्यायासनावर निवृत्त न्यायाधीश खरे. खाणीतल्या सुरुंगांनी एका बाईच्या घराला तडे गेलेत, अशी कथा होती. माझ्या रूममेटच्या सावनेरच्या घराच्या भिंतीही तशाच आहेत, हे फक्त मला ठाऊक होतं. आठ दिवस ती झोपेतही कलमं बोलत होती. उभी राहिली ती एकदम झोकात. पण ऐन रंगात म्हणाली, "त्या बाईले विचारा," आणि सभागृहात हशा पिकला. ती थांबली. मी घाईघाईने टिपणाचा कागद पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"महोदय, मी 'बाईले' म्हटलं म्हणून लोक हसले. 'बाईला' म्हटल्यानं भिंतीचे तडे बुजत असतील, तर मी शब्द मागे घेते."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "जशा बोलता तशाच बोला," ते म्हणाले. मग ती जी सुटली! निकाल आमच्या विरुद्ध गेला, पण बाहेर आल्यावर तिने मला गरागरा फिरवलं. "मले आता कोनाचं भेव नाही वं!"

आज मी पुण्यात एका कंपनीचे करारनामे तपासते. कोर्टाची पायरी क्वचितच चढते. ती सावनेरलाच वकिली करते, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मुद्दाम तिथल्या कोर्टात गेले. आवारातल्या बाकावर एक म्हातारी तिला काहीतरी सांगत होती, अडखळत, मधेच रडत. ही एक शब्द न बोलता ऐकत होती. मला पाहून तिने नुसती मान हलवली, थांब म्हणून. मी बराच वेळ थांबले. शेवटी माझी गाडी चुकेल म्हणून निघाले. वळून पाहिलं, तर म्हातारीचं सांगणं अजून चालूच होतं, आणि हिचा हात तिच्या हातात होता.