मामांनी स्वतःविरुद्ध लिहिलेला अर्ज

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका संशयी वाचक अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. छापलेला मजकूर दिसला की इतर लोक तो वाचतात. मामा त्याची उलटतपासणी घेतात. त्यांची सगळी नोकरी कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप करण्यात गेली. एकाच भांडणाच्या सात जबान्या, आणि सातही प्रामाणिक माणसांच्या, असं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की ‘खरं काय घडलं’ हा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला. "साक्षीदार दरवेळी खोटंच बोलते असं नाही, जवाईबापू," ते मला सांगत, "थो कुठी उभा होता, तेवढं पाहा लागते."

रोज सकाळी ते दोन वर्तमानपत्रं शेजारी शेजारी पसरून बसत. एकदा एकात बातमी होती, ‘मोर्चामुळे वाहतूक ठप्प’, आणि दुसऱ्यात, ‘मागण्यांसाठी हजारो रस्त्यावर’. मामा हरखले. "एकाले रस्ता दिसला, एकाले माणसं दिसली!" एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले? मेट्रोनं सीताबर्डीला गेले, चौकाच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहून कुठून काय दिसतं याची पाहणी करून आले, आणि मामींनी आणायला सांगितलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तेवढी विसरले. पाककृतीच्या पुस्तकात ‘तिखट चवीनुसार’ असं दिसलं की विचारत, "कोणाच्या चवीनुसार?" एका तेरवीच्या जेवणात त्यांनी श्रद्धांजलीचा कागद हातात घेऊन भर पंगतीत शंका काढली, "‘मनमिळाऊ’ हा शब्द पोराचा दिसते. सुनेले विचारलं होतं काय?" सून समोरच वाढत होती. आम्ही माना खाली घातल्या. तिनं हसू दाबत मामांच्या पानात मूठभर बुंदी जास्त वाढली.

माझीही सुटका झाली नाही. आमच्या ऑफिसच्या स्मरणिकेत मी पचमढीच्या सहलीवर लेख लिहिला होता. मामांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण तुम्ही एकटेच गेले होते काय? आमची भाची कुठी आहे याच्यात?" मी लेख काढून पाहिला. धबधबे होते, सूर्यास्त होता, माकडंसुद्धा होती. बायको नव्हती. ती आतून म्हणाली, "मी पोरांचे कपडे वाळू घालून राहिली होती, मामा. तिथून धबधबा दिसत नाही."

अशा या माणसाला एकच गोष्ट एकाच बाजूनं दिसायची, आणि ती म्हणजे अंगणातलं जांभळाचं झाड. ते मामींनी लावलेलं. मामी गेल्यानंतर मामा त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नसत. शेजारच्या शेवंताबाईंनी "भाऊ, फांद्या तेवढ्या छाटा ना," असं अनेकदा विनवलं होतं. मामांनी उलट महानगरपालिकेला अर्ज दिला की सदर बाईंच्या मनात झाडांविषयी आकस आहे. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी मामांकडे बसलो होतो. फाटकाशी शेवंताबाई आल्या, हातात कोरा कागद.

"भाऊ, एक अर्ज लिहून द्या. पोरगा मिहानले डूटीवर जाते, त्याले टाइम नाही. गल्लीत तुमच्यासारखं लिहिणारं दुसरं कोण आहे?"

"कोणाच्या विरोधात?"

"तुमच्याच."

मला वाटलं, आता मामा फाटक लावून घेतील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "लिहीन. पण माह्या अंगणातून नाही लिहिता येणार. तुमच्या घरात बसा लागन."

आम्ही दोघं गेलो. इतक्या वर्षांत मामा त्या घरात पहिल्यांदा शिरत होते. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागलेला. मामांनी तो बंद करायला सांगितला, आणि समोरच्या शेवंताबाई मला नीट दिसेनात. खिडकीत जांभळाची पानंच पानं.

"तांदूळ कुठी निवडता?" मामांनी विचारलं.

"बाहेर, रस्त्यावर बसून. मोतीबिंदू झाला तवापासून अंधारात काही दिसत नाही."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं ना, भाऊ. तुम्हाले झाडाचंच ऐकू येत होतं."

दिवा न लावता, खिडकीच्या गजाशी कागद धरून मामांनी अर्ज लिहिला. दीड पान. त्यात ‘आकस’ नव्हता, ‘त्रास’सुद्धा नव्हता, दिवा किती वाजता लावावा लागतो आणि तांदूळ कुठे बसून निवडावे लागतात, एवढंच होतं. शेवंताबाईंनी वाचून घेतला आणि पदर डोळ्यांना लावला.

अर्ज इतका चांगला उतरला की महिन्याभरात उद्यान विभागाचे साहेब पाहणीला आले. त्यांनी मामांना त्यांचं म्हणणं विचारलं. मामांनी आपला जुना अर्ज मागे घेतला आणि "यांचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले. शेवंताबाईंच्या बाजूचं अर्धं झाड छाटायची परवानगी मिळाली. छाटणीच्या दिवशी मामा आपल्या अंगणात थांबले नाहीत. शेवंताबाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी उभे राहिले. मोठी फांदी कोसळली आणि ऊन थेट ओट्यावर आलं. "उजेड चांगला पडला," ते म्हणाले. शेवंताबाईंनी न विचारता चहा टाकला.

घरी परतल्यावर मला राहवलं नाही. "मामा, दुसऱ्याची बाजू एवढी लिहिली, तुमची का नाही लिहिली?"

"लिहिली होती," ते म्हणाले. "यांचा अर्ज लिहिला त्याच रात्री. चार पानं झाली. वाचून पाहिलं तर झाडाबद्दल दोन ओळी, बाकी सारी तुमची मामी. ते महानगरपालिकेले काय द्यायचं?"

त्यांनी कपाटातून ती पानं काढून माझ्या हातात ठेवली आणि स्वतः आत निघून गेले. मी तिथंच बसून वाचली. पहिल्या पानावर एक दुपार होती. मामा कोर्टातून लवकर घरी आलेत, मामी झाडाखाली सूप घेऊन बसल्यात. पाव्हण्यांसाठी ठेवलेली जांभळं कुणी संपवली, असं मामा विचारतात. मामी म्हणतात, मले काय माहीत. आणि मग, नवऱ्याची उलटतपासणी सुरू व्हायच्या आत, आपली जांभळी जीभ बाहेर काढून दाखवतात.